पोलीस कोठडीत मारहाण झाली, तर दाद कुठे मागावी?

महाराष्ट्रात अशा वेळी घरच्यांपुढे मुख्यतः तीन वाटा असतात: राज्य मानवी हक्क आयोग, पोलीस तक्रार प्राधिकरण आणि उच्च न्यायालय. तिघांचे अधिकार सारखे नाहीत. आधी कुठे जाता, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

आयोगाकडे जाणं सगळ्यात सोपं. साध्या कागदावर अर्ज करायचा. शुल्क नाही, वकील लागत नाही. 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिले आहेत. मात्र घटनेला वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही. ‘प्रकरण जरा निवळू दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांना ही मुदत नडते. आणि एवढं करून शेवटी हाती येते ती शिफारस. 2019 च्या दुरुस्तीने अध्यक्ष कोण होऊ शकतो ते बदललं, पदाचा काळ पाचवरून तीन वर्षांवर आणला; पण शिफारशीला दात मिळाले नाहीत. माझ्या मते खरी सुधारणा तिथेच हवी होती.

पोलीस तक्रार प्राधिकरण आलं ते सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात 2006 मध्ये दिलेल्या निकालामुळे. महाराष्ट्राने त्यासाठी पोलीस कायद्यात बदल केला तो 2014 मध्ये. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक हे त्याचे विषय. दोषी अधिकाऱ्यावर खात्याने कारवाई करावी, एवढंच हवं असेल तर इथे जावं. पण अहवाल जातो राज्य सरकारकडे आणि कारणं नोंदवून सरकार तो नाकारू शकतं. ज्यांच्या हाताखाली पोलीस, त्यांच्याच हाती शेवटचा शब्द. हे मला मुळीच पटत नाही.

बंधनकारक आदेश हवा असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे शासनाला आदेश द्या अशी मागणी. गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या यंत्रणेकडे द्या, भरपाई द्या, हे सगळं न्यायालय सांगू शकतं. कोठडीतल्या मृत्यूबद्दल शासनाने भरपाई द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने नीलाबती बेहेरा प्रकरणात 1993 मध्येच पक्कं केलं. वेळ आणि पैसा जातो, हे खरं. पण महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झाल्याने सांगली, सोलापूर, सिंधुदुर्गच्या माणसाचा मुंबईचा हेलपाटाही वाचतो.

मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल आणि पोलीस गुन्हाच नोंदवत नसतील, तर थेट उच्च न्यायालय गाठा. इतर वेळी आधी आयोग. न्यायप्रविष्ट प्रकरण आयोग सहसा हाती घेत नाही. उलट आयोगाकडे अर्ज केल्याने न्यायालयाची वाट बंद होत नाही. मात्र राज्य आयोगापुढे प्रकरण चालू असताना तेच दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाला चौकशीसाठी घेता येत नाही, म्हणून दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवू नका.

कुठलीही वाट धरा, पुरावा पहिल्या दिवसापासून जपा. अटक असेल तर दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करताच मारहाणीचं सांगून वैद्यकीय तपासणी मागा. सोडून दिलं असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे जखमांची कायदेशीर वैद्यकीय नोंद) करून घ्या. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण जपण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये आदेश दिले आहेत. तारीख आणि वेळ लिहून ते चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या आणि त्याची पोच घ्या.