लेबल 'क्लास १'चं, माल भंगारातला

खानापूर ते जांबोटी पट्ट्यातल्या आठ-दहा गावांत मी फायबरचं नेट आणि केबल टीव्ही देतो. आषाढात आमच्याकडे पाऊस कसा असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. त्यातच वीज पडून नंदगडकडच्या लाईनवरचे बरेच एसएफपी मॉड्यूल, म्हणजे फायबरमधून लेझरनं सिग्नल पाठवणारे आणि घेणारे छोटे नग, एका रात्रीत गेले. सकाळपासून फोन सुरू. कुणाच्या पोराचा ऑनलाईन पेपर होता, कुणाचा मुलगा घरातून पुण्याच्या कंपनीचं काम करणारा. अशा घाईतच माणूस फसतो. मीही तसाच फसलो.

बेळगावातला आमचा नेहमीचा दुकानदार वीस किलोमीटरच्या सिंगल फायबर मॉड्यूलचे १,४०० सांगत होता आणि माल चार दिवसांनी येणार म्हणाला. त्याच दिवशी ओळखीतून एक नंबर मिळाला, घाटाखालच्या शहरातल्या व्यापाऱ्याचा. "९०० ला देतो, उद्या एसटीच्या पार्सलनं पोचेल. पावनं, विश्वास न्हाई व्हय?" २४ नग, २१,६०० रुपये. निम्मे पैसे आधी पाठवले, उरलेले पार्सल सुटल्यावर. टीव्हीच्या लाईनसाठी एक जुना ईडीएफए, म्हणजे सिग्नल वाढवायचा अॅम्प्लिफायरही त्यानं गळ्यात मारला.

पिशवीतला माल दिसायला नवाकोरा. प्रत्येक मॉड्यूलवर पिवळा त्रिकोण, 'क्लास १ लेझर प्रॉडक्ट', म्हणजे डोळ्याला धोका नसलेला लेझर, खाली आयईसी ६०८२५-१ हे लेझर सुरक्षेचं मानक आणि अमेरिकी नियमाचा क्रमांक. दोन्ही टोकांना एकदम बसवले आणि लाईन चालू झाली. व्यापाऱ्याला धन्यवादाचा मेसेजही पाठवला.

पंधरा दिवसांत चार नगांचं रिसीव्हर मेलं. भाचा माझ्याकडे काम शिकतो. हे मॉड्यूल ज्यात बसतात त्या नेटवर्क स्विचमध्ये त्यानं मॉड्यूलची माहिती उघडली आणि मला हाक मारली, "मामा, हे बघा की." लेझरची तरंगलांबी लेबलवर १३१० नॅनोमीटर, आतल्या चिपमध्ये १४९०. लेबलवर २० किलोमीटर, आत ८०. आणि चोवीसच्या चोवीस मॉड्यूलचा सीरियल नंबर एकच! प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर लावला, तो ती डीबीएममध्ये दाखवतो. या वर्गाच्या २० किलोमीटरच्या मॉड्यूलमधून साधारण उणे ९ ते उणे ३ डीबीएम यायला हवं, इथं अधिक ४ येत होतं. तीन किलोमीटरच्या लाईनवर एवढा प्रकाश सोडला की पलीकडचं रिसीव्हर जळणारच. कुठल्या तरी मोठ्या नेटवर्कमधून काढून टाकलेला माल होता तो. नखानं लेबल उचललं तर खाली जुन्या लेबलचा चिकट डाग, त्यावर अर्धी अक्षरं. अमेरिकी नियमाचा खरा क्रमांक २१ सीएफआर १०४०.१०, यांनी छापलेला १०१०.४०. स्टिकर छापणाऱ्याला तो काय आहे हेच माहीत नव्हतं.

खरं सांगायचं तर अधिक ४ डीबीएम म्हणजे अडीच मिलीवॅट, त्यानं डोळा जात नाही. १४९० किंवा १५५० नॅनोमीटरला क्लास १ ची मर्यादाच १० मिलीवॅट आहे. पण तोच स्टिकर, त्याच रोलमधला, त्या ईडीएफएवरही होता आणि त्याच्या एकेका पोर्टमधून २० डीबीएम निघत होतं. म्हणजे १०० मिलीवॅट, क्लास १ च्या दहापट. हे कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला, कारण आदल्याच आठवड्यात भाच्यानं त्या डब्यातली पॅचकॉर्ड, म्हणजे जोडणीची छोटी फायबर वायर, काढून लाईट येतोय का बघायला टोक डोळ्यापुढे धरलं होतं. मी ओरडलो म्हणून वाचला. हा उजेड दिसत नाही, त्यामुळे डोळा आपोआप मिटतही नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यातही १३१० किंवा १५५० दिसत नाही, त्यामुळे 'कॅमेऱ्यात काही नाही, म्हणजे लाईट नाही' हे पोरांचं गणित फार धोक्याचं आहे. मीटर लावा. टोकाला टोपी घाला. तपासायचंच तर आधी दोन्हीकडची पॉवर बंद करा.

व्यापाऱ्याला फोन केला तर आधी "चायना मालात असं होतंय", मग "सर्टिफिकेट पाठवतो". पीडीएफ आली, पण त्यातलं मॉडेल भलतंच, आणि चाचणीचे आकडे असलेलं पानच गायब. "टीईसी अप्रूव्ह्ड आहे" असंही म्हणाला, टीईसी म्हणजे सरकारची दूरसंचार उपकरणांची संस्था. ओएलटी (ऑफिसातला फायबरचा डबा), ओएनटी (घरातला डबा) अशा पॉन, म्हणजे घरोघरी फायबर नेणाऱ्या, उपकरणांना आपल्याकडे टीईसीचं एमटीसीटीई नावाचं चाचणी प्रमाणपत्र सक्तीचं आहे, आणि ते मॉडेलच्या नावावर असतं. मॉडेल नंबर मागितल्यावर त्यानं मला ब्लॉक केलं.

बिल नीट वाचलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, ती पैसे देण्याआधी दिसायला हवी होती. पत्ता महाराष्ट्रातला, पण जीएसटी नंबर ०७ नं सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. महाराष्ट्राचा २७, आपला कर्नाटकाचा २९. सीमाभागात आपण रोज दोन्हीकडची बिलं हाताळतो, तरी मी ते दोन आकडे बघितले नाहीत. बिलात सीरियल नंबरही नव्हते.

तक्रार करायला गेलो तर इथं म्हणाले, दुकान तिकडचं आहे, तिकडं जा. तिकडं म्हणाले, तुम्ही बेळगावचे. दोन हेलपाटे घातल्यावर एका वकिलांनी समजावलं: पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाऱ्यानं घेतलेला माल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसू शकतो, आणि आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ती केली आहे, तारीख पडली आहे. ऑनलाईन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा. मी अठरा दिवसांनी केला, तोवर खातं रिकामं झालं होतं.

आता माल आला की पैशाआधी एक नग स्विचमध्ये घालून आतली नोंद आणि लेबल जुळवतो, मीटरवर पॉवर मोजतो आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घेतो. पाच मिनिटांचं काम आहे.

ते २४ नग आणि ईडीएफए डब्यात बंद करून डब्यावर लाल ऑइलपेंटनं फुली मारून ठेवली आहे, आयोगापुढे दाखवायला लागतील. गेल्या आठवड्यात चंदगडकडचा एक केबलवाला येऊन नगाला ३०० देतो म्हणत होता. नाही दिले.