चाकाची वजनं, आठ महिन्यांनी: पैसे शंभर किलोचे, बीड ९२ किलो ६०० ग्रॅम

सुरुवात काट्यापासूनच करतो, कारण माझं डोकं अजून तिथंच अडकलंय. मार्चमध्ये मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना, ती जागच्या जागी फिरू नयेत म्हणून, बिडाची (ओतीव लोखंडाची) वजनं घेतली. चार नग, प्रत्येकावर ओतीव अक्षरात ठळक २५. भाव ११० रुपये किलो, म्हणजे ११ हजार रोख. घरी आणून क्रेट मोजायच्या काट्यावर एकेक ठेवलं: २३.२, २३, २३.४ आणि परत २३. बेरीज ९२.६. सात किलो चारशे ग्रॅम हवेत विरले, ८१४ रुपये गेले.

दुकानदार शेठला फोन लावला. "भाऊ, ओतकामात थोडं कमी-जास्त होतंच." म्हटलं, शेठ, चार नगांत एकदा तरी जास्त व्हायला नको होतं का? त्यावर गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला. असो. पुन्हा येईन तिथं.

ट्रॅक्टर चोवीस एचपी, फोर बाय फोर, मागं ८.३-२० टायर. दिंडोरी भागात द्राक्षाच्या बागेबागेत हेच माप दिसतं. रिकामा सव्वासहाशे किलोच्या आसपास. बागेत रोटर (माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर) मारताना कधी काही अडलं नाही. अडलं ते बाहेरच्या दीड एकरात. पाच फणांचा कल्टिव्हेटर जरा खोल घातला की चाकं जागच्या जागी फिरायची. फेब्रुवारीत शेणखताची ट्रॉली बांधावर चढवताना तर इतकी फिरली की शेजारच्या अण्णांनी त्यांचा मोठा ट्रॅक्टर आणून दोरानं ओढून काढलं. ओढून झाल्यावर म्हणाले, "खेळण्याला सेल टाकले नाहीत का रे?" ११ हजारांतले निम्मे तरी या वाक्याचे आहेत.

त्याआधी फुकटचा उपाय करून झाला होता, टायरमध्ये पाणी. ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी: चाक जॅकवर घ्यायचं, व्हॉल वरच्या बाजूला आणायचा, पिन काढून पाणी सोडायचं. व्हॉलमधून पाणी बाहेर यायला लागलं की ट्यूब साधारण पाऊण भरली, बाकी जागेत हवा. पंधरा लिटरच्या डब्यानं मोजून एका चाकात चार डबे बसले. दोन चाकांत मिळून १२० किलो, खर्च शून्य. काम झकास चाललं होतं, पण आमच्या बांधाला बाभळी. पंधरा दिवसांत काटा घुसला. पंक्चरवाल्यानं ट्यूब उघडली आणि त्याची चप्पल, पान्यांची पेटी, सगळं भिजलं. पंक्चरचे १५० घेतले आणि "पाण्याचे वेगळे" म्हणून १०० लावले. महिन्यात दुसरं पंक्चर झालं तेव्हा रागानं दोन्ही चाकं रिकामी केली आणि लोखंड घ्यायचं ठरवलं. आज हिशेब मांडतो तेव्हा वाटतं, रागात घेतलेला निर्णय होता. २५० रुपये वाचवायला ११ हजार घातले.

बसवायला दोन माणसं लागतात. एकट्यानं करायला गेलो आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख काळं झालं, नवीन यायला गणपती उजाडले.

पण फरक पडला, हे कबूल. नुसतं वाटलं म्हणून लिहीत नाही, टेपनं मोजलंय. टायरवर चुन्याची रेघ मारली. कल्टिव्हेटर वर उचलून चाकाचे दहा फेरे झाले की ९२ फूट अंतर पडतं. वजनाशिवाय कल्टिव्हेटर जमिनीत असताना त्याच दहा फेऱ्यांत ७० फूट. म्हणजे जवळपास २४ टक्के फिरणं वाया, डिझेल आणि टायर दोन्ही मातीत. चारही वजनं लावून ८० फूट आले, घसरण १३ टक्क्यांवर. शेतकामात १० ते १५ टक्के घसरण चालते. ती शून्यावर आणायच्या मागे लागू नका, कारण चाक अजिबात घसरलं नाही की सगळा ताण क्लच-गिअरवर जातो. शेणखताची ट्रॉली मे महिन्यात त्याच बांधावरून एका दमात चढली. अण्णा ओट्यावर होते, त्यांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत.

रोटरला मात्र काडीचा फरक नाही. रोटरची पाती फिरतात तीच मुळी ट्रॅक्टरला पुढं ढकलत, चाकाला ओढायचं काम फारसं उरत नाही. निव्वळ रोटर आणि फवारणी असेल तर या वजनांच्या नादी लागू नका. हे दुकानात कुणी सांगत नाही.

मेअखेरीपर्यंत मी या वजनांना पाचपैकी साडेचार गुण लिहिणार होतो. मग जूनमध्ये ट्रॅक्टर बागेत घातला. दुहेरी वजन लावलं की बोल्टची टोकं टायरच्या बाहेर दोन बोटं येतात. आणि मागच्या चाकाचा मध्य कुठं? जमिनीपासून दीड फुटावर. तारेला बांधलेली ड्रिपची नळी कुठं? तिथंच. वळणावर एका ओळीची नळी पंधरा फूट उसवत नेली, मागं कारंजं सुरू झालं तेव्हा कळलं. बोल्ट उलटे घालून, डोकं बाहेर आणि नट आत करून निभावलं. वजन बनवणाऱ्यानं कधी बाग बघितली होती की नाही, देवाला माहीत.

खरं मत बदललं ते ऑक्टोबरात. मागं २०० लिटरचा फवारणीचा ब्लोअर उचलून, शेततळ्यावर टाकी भरून भरावाचा चढ चढत होतो. पुढची चाकं वीतभर वर आली. स्टेअरिंग हातात एकदम हलकं झालं, कशालाच लागेना. क्लच दाबून ब्रेकवर हळूहळू मागं उतरलो, पाठीला घाम. फोर बाय फोर लावलेलं होतं, पण पुढची चाकं जमिनीलाच नसतील तर ते काय ओढणार? मी समजत होतो, आता ट्रॅक्टर जड झालाय, उचलणार नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रींना सांगितलं तर हसले. "तराजूच्या दांडीच्या मध्यावर मापं ठेवली तर पारडं हलतं का?" ट्रॅक्टर पुढून उठतो तो मागच्या आसावर कलून उठतो, आणि माझी ९२ किलो ६०० ग्रॅम नेमकी त्याच आसावर. पुढचं तोंड दाबून धरायला त्यांचा उपयोग नाही. वजनाच्या बाबतीत तराजूच्या दांडीचा दाखला मलाच ऐकावा लागला, हे जास्त लागलं.

मिस्त्रींनीच मार्ग काढला. बाहेरची दोन वजनं काढली, अँगलचा ब्रॅकेट करून पुढच्या बंपरला चेसिसशी घट्ट बोल्ट केली. १४०० रुपये. भरली टाकी घेऊन तोच चढ चढलो, चाकं जमिनीला. मागं एकेकच राहिल्याचा फायदा परतीच्या पावसात कळला. छाटणीनंतर डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) फवारण्या ओल्या काळ्या जमिनीतच कराव्या लागतात, आणि दरवेळी चाक त्याच चाकोरीतून जातं. दुहेरी वजनानं पडलेली चाकोरी चार बोटं खोल होती, पाणी तुंबायचं. आता निम्मीसुद्धा पडत नाही. कल्टिव्हेटरची घसरण १७-१८ टक्क्यांवर गेली, ती मला चालते.

हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारण गेल्या आठवड्यातलं. मागून खडखड यायला लागली. गिअरबॉक्स गेला म्हणून पोटात गोळा आला. उतरून बघतो तर डाव्या वजनाच्या एका बोल्टचं डोकं गायब, दुसरा हातानं फिरतोय. वजनाचं भोक घासून लांबट झालेलं, आतलं बीड नव्या नाण्यासारखं चकचकीत. वजनाबरोबर दिलेले बोल्ट साधे निघाले, डोक्यावर काही आकडा नाही. डोक्यावर ८.८ (मजबुतीचा आकडा) लिहिलेलेच घ्या, खाली स्प्रिंग वायसर टाका आणि पहिल्या आठ-दहा तासांनी एकदा आवळा. मी आवळले नव्हते, तेवढी चूक माझी.

तुटका बोल्ट घेऊन दुकानात गेलो. शेठनं उलटसुलट बघितला, आत जाऊन ८.८ चे आठ बोल्ट, नट-वायसर सकट आणून ठेवले. एकाची किंमत ६० रुपये. पैसे घेतले नाहीत. "घ्या भाऊ, ते वजनाचंही मिटलं म्हणा."

बोल्ट पिशवीत टाकले. म्हटलं, शेठ, ८१४ मधून ४८० गेले. ३३४ राहतात.