‘टोनिंग शूज’च्या नावाखाली झालेली फसवणूक

पुण्यात आमच्या सोसायटीच्या सभागृहात मध्यंतरी ‘मोफत पाय तपासणी शिबिर’ भरले होते, आणि त्या तपासणीच्या शेवटी माझ्या आईला गोलाकार तळाचे ‘टोनिंग शूज’ साडेसहा हजार रुपयांना विकण्यात आले. हे बूट घालून नुसते चालले तरी मांड्या, नितंब आणि पोटऱ्या घट्ट होतात, गुडघ्यांवरचा भार कमी होतो आणि वेगळ्या व्यायामाची गरज उरत नाही, असे तिला ठामपणे सांगण्यात आले. अशी शिबिरे इतरत्रही भरतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

विक्रेत्याने आईला आधी तिच्या नेहमीच्या चपलांवर उभे केले, हात आडवा धरायला लावला आणि मनगटावर दाब देताच तिचा तोल गेला. नवे बूट घातल्यावर तोच प्रयोग केला, तेव्हा ती जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी मी बाजूला उभा राहून हा प्रयोग इतरांवर होताना पाहिला. पहिल्या वेळी तो हात खाली आणि किंचित बाहेरच्या बाजूला ओढत होता, तर दुसऱ्या वेळी दाब शरीराच्या दिशेने येत होता. एवढ्या फरकाने कोणाचाही तोल जातो किंवा राहतो. पायात काय आहे, याचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो.

त्याच दिवशी आईने पोटऱ्या दुखत असल्याची तक्रार केली, तेव्हा तिला उत्तर मिळाले, “काकू, दुखतंय म्हणजे बूट काम करतायत!” माझ्या मते सगळी फसवणूक या एका वाक्यात आहे. पायाला जाणवणारा बदल खरा असतो, फक्त त्याचा लावलेला अर्थ खोटा असतो. या बुटांचा तळ मध्यभागी जाड आणि पुढे-मागे वर वळलेला असतो, टाचेखाली मऊ स्पंज असतो. काही प्रकारांत टाच आणि चवडा यांच्याखाली हवा भरलेले फुगीर गोळे असतात. टाच टेकताच ती खाली दबते, पाऊल पुढे गडगडते आणि घोट्याला सतत सावरून घ्यावे लागते. त्यामुळे घोट्याभोवतीचे लहान स्नायू अधिक काम करतात आणि चाल बदलल्याने सवय नसलेले स्नायू काही दिवस दुखतात. पण त्यावरून मांड्या किंवा नितंब घडत आहेत, असे म्हणता येत नाही. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजने विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस येथील संशोधकांकडून 2010 मध्ये अशा बुटांची साध्या धावण्याच्या बुटांशी तुलना करून घेतली, तेव्हा स्नायूंच्या कामात किंवा खर्च होणाऱ्या कॅलरींत लक्षणीय फरक आढळला नाही.

अमेरिकेत हे प्रकरण नियामकांपर्यंत गेले. ‘ईझीटोन’ बुटांमुळे नितंबांचे स्नायू 28 टक्के आणि पोटऱ्यांचे 11 टक्के अधिक काम करतात, अशी जाहिरात करणाऱ्या रीबॉकने सप्टेंबर 2011 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी आयोगाशी 2.5 कोटी डॉलरची तडजोड केली. ‘शेप-अप्स’ विकणाऱ्या स्केचर्सने मे 2012 मध्ये 4 कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. हे पैसे ग्राहकांना परत करण्यासाठी होते. स्केचर्सच्या जाहिरातीत ज्या कायरोप्रॅक्टरचा (मणका आणि सांधे हाताने दाबून उपचार करणाऱ्याचा) अभ्यास पुरावा म्हणून पुढे केला होता, त्याची पत्नी त्याच कंपनीच्या मार्केटिंग विभागात अधिकारी होती, हे आयोगाने आपल्या तक्रारीत नोंदवले. इतक्या वर्षांनंतर तेच दावे आपल्याकडे ज्येष्ठांना ऐकवले जातात, याचा मला संताप येतो.

संताप येण्याचे कारण केवळ पैसे नव्हेत. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून उतरताना आईचा पाय त्या बुटांत मुरगळला आणि घोटा बराच सुजला. अस्थिरोग तज्ज्ञांनी बूट हातात घेऊन तळ दाबून पाहिला आणि सांगितले की वळलेला तळ मुळात निरुपयोगी नाही. अंगठ्याचा सांधा आखडलेल्या किंवा मधुमेहामुळे चवड्यावर जखमा होणाऱ्या काही रुग्णांना चवड्यावरचा दाब कमी व्हावा म्हणून तो मुद्दाम दिला जातो. पण तो पाय तपासून आणि ताठ, स्थिर टाचेसह. ज्यांचा तोल आधीच कमी झाला आहे, त्यांना मऊ, डगमगता तळ देणे धोक्याचे आहे.

विक्रेत्याने वापरलेला माल परत घेण्यास नकार दिला. पावतीवर “लेडीज शूज, एक जोड” एवढेच छापलेले होते. गुडघे, पोटऱ्या, व्यायाम यांचा उल्लेखही नव्हता. आमच्या हाती पुरावा उरला तो शिबिराच्या रंगीत पत्रकाचा, ज्यावर सगळे दावे ठळक अक्षरांत होते. ते पत्रक, पावती आणि डॉक्टरांचे कागद जोडून आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास शुल्क लागत नाही. आपल्या सोसायटीत असे शिबिर झाले असेल, तर ते पत्रक रद्दीत टाकू नका.