टूलच्या पोटातली ओपनएसएसएल की सिस्टिमची?

सर्व्हर सांभाळायला दोन टूल समोर आहेत आणि कामं दोन्हींची तीच: ब्राउझरमधून सर्व्हिस चालू-बंद करणं, युजर, डिस्क, लॉग. अशा वेळी बहुतेक जण स्क्रीन कुठली देखणी ते पाहतात. मी आधी एकच गोष्ट शोधतो. टूलच्या ब्राउझरमधल्या पॅनेलचं एचटीटीपीएस (कूटबद्ध जोडणी) ज्या लायब्ररीवर, बहुधा ओपनएसएसएलवर, चालतं ती टूलने स्वतःच्या फोल्डरमध्ये आणली आहे, की ऑपरेटिंग सिस्टिमची वापरली आहे? उद्या तिच्यात भोक सापडलं तर ते कोण बुजवणार, हे तिथेच ठरून जातं.

वेबमिन हे पॅनेल पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मॉड्यूलमार्फत सिस्टिमचीच ओपनएसएसएल वापरतं. कॉकपिट हे पॅनेल डिस्ट्रोची (डेबियन, उबुंटू असं लिनक्सचं वितरण) ग्नूटीएलएस वापरतं, तीही तशीच एक लायब्ररी. दुसऱ्या गटात एचपीचं सिस्टिम मॅनेजमेंट होमपेज येतं, ते ओपनएसएसएल बरोबर घेऊनच इन्स्टॉल व्हायचं. विंडोजवर ओपनएसएसएल लागणारी टूलही सहसा याच गटातली, कारण विंडोजमध्ये सिस्टिमची ओपनएसएसएल नसतेच.

फरक खरा कळला तो २०१४ मध्ये. ७ एप्रिलला ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष जाहीर झाला. ओपनएसएसएल १.०.१ पासून १.०.१एफपर्यंत कोणीही बाहेरून एका विनंतीत ६४ केबीपर्यंत मेमरी वाचू शकत होतं, तेही पुन्हा पुन्हा, आणि नेहमीच्या लॉगमध्ये त्याची खूण उरत नसे. साध्या वेबसाइटपेक्षा मॅनेजमेंट पॅनेलला याचा धोका जास्त, कारण त्या मेमरीत ॲडमिनचा पासवर्ड, सेशन कुकी आणि सर्टिफिकेटची प्रायव्हेट की असू शकते. डेबियन, उबुंटू, रेड हॅट यांची दुरुस्त पॅकेजं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आली. एक अपडेट मारलं की त्या लायब्ररीवर अवलंबून असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमना नवी फाइल मिळाली. सिस्टिम मॅनेजमेंट होमपेजवाल्यांना मात्र एचपीचं वेगळं सूचनापत्रक आणि टूलची वेगळी आवृत्ती यांची वाट पाहावी लागली. सर्व्हरवरची ओपनएसएसएल पॅच झालेली, आणि शेजारच्या पोर्टवर जुनीच निवांत बसलेली! कमांड लाइनवर ओपनएसएसएलची आवृत्ती विचाराल तर उत्तर सिस्टिमच्या प्रतीचं मिळतं, टूलच्या पोटातल्या प्रतीबद्दल ती कमांड चकार शब्द काढत नाही.

सिस्टिमवाल्या बाजूची दुखणी वेगळी आहेत. एक म्हणजे बॅकपोर्ट, नवी आवृत्ती न आणता जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती घालणं. डेबियन ७ मध्ये हार्टब्लीडची दुरुस्ती झाल्यावरही आवृत्ती १.०.१ई अशीच दिसत राहिली, फक्त पॅकेजच्या नावामागचा शेपटीचा आकडा बदलला. नुसती आवृत्ती वाचणारा स्कॅनर त्यावर लाल शेरा मारतो आणि ऑडिटरला समजावताना तुमचा दिवस जातो. दुसरं दुखणं जास्त घातक. फाइल बदलली तरी चालू असलेली प्रोसेस जुनीच लायब्ररी मेमरीत धरून असते. महिनोन्‌महिने रीस्टार्ट न झालेलं पॅनेल पॅचनंतरही तितकंच उघडं राहतं. डेबियन-उबुंटूवर नीडरीस्टार्ट हे टूल अशा प्रोसेस दाखवतं, ते बसवून ठेवा. टूलचा स्वतःचा इन्स्टॉलर सहसा सर्व्हिस आपणहून रीस्टार्ट करतो. पोटातल्या प्रतीच्या बाजूने हा एक गुण मोकळेपणाने द्यायला हवा.

आणखी एक गुण इतिहास देतो. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनने ओपनएसएसएलमध्ये स्वतःचा बदल केला आणि रँडम आकडे बनवण्याची यंत्रणाच लुळी पडली. मे २००८ मध्ये हे जाहीर होईपर्यंत तिथे बनणाऱ्या किल्ल्या एका प्रकारासाठी जेमतेम ३२,७६७ शक्यतांमधून निघत होत्या. ज्यांची ओपनएसएसएल डेबियनच्या हातून आलेली नव्हती ते वाचले. डिस्ट्रोही चुकते, फक्त तिची चूक सगळ्यांवर एकदम पडते.

‘जुनी प्रत आहे, म्हणून सुरक्षित’ हा युक्तिवादही ऐकू येईल. त्यात तथ्य नाही असं नाही: हार्टब्लीड ०.९.८ ला लागला नाही, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जी दोन भोकं ३.०.७ ने बुजवली ती ३.० मालिकेतच होती, १.१.१ त्यातून सुटली. पण मार्च २०२२ मधलं सीव्हीई-२०२२-०७७८ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या भोकाचा नोंदणी क्रमांक) पाहा. मुद्दाम बिघडवलेलं सर्टिफिकेट वाचताना प्रोग्रॅम अनंत फेऱ्यांत अडकायचा, आणि ते १.०.२, १.१.१, ३.० तिन्हींत होतं. शिवाय १.१.१ चा मोफत आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मधल्या १.१.१ ला रेड हॅट त्यानंतरही पॅच देत राहिलं. तीच १.१.१ एखाद्या टूलच्या फोल्डरमध्ये असेल तर व्हेंडरने ओपनएसएसएलकडून पैसे भरून आधार घेतला आहे का, किंवा स्वतः पॅच करतो का, हे विचारावंच लागेल.

ग्नूटीएलएस घेतली म्हणजे सुटका झाली असंही नाही. जून २०२० मध्ये कळलं की ३.६.४ ते ३.६.१३ या आवृत्त्या सर्व्हर सुरू झाल्यावर पहिली काही वेळ सेशन तिकिटं (जोडणी पुन्हा चटकन सुरू करायची चिठ्ठी) निरुपयोगी किल्लीने बांधत होत्या. तिसरा गट गो या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या टूलचा. त्यांचं टीएलएस (एचटीटीपीएसमागची कूटबद्धता) गोच्या स्वतःच्या लायब्ररीतलं असतं, त्यामुळे ओपनएसएसएलची बातमी सहसा त्यांना लागत नाही, पण गोची बातमी आली की अख्खं टूल नव्याने बांधून मिळावं लागतं.

लिनक्स असेल आणि डिस्ट्रोची मुदत शिल्लक असेल तर मी सिस्टिमची लायब्ररी वापरणारं टूल घेईन. पोटातली प्रत असलेलं टूल घ्यायचंच असेल तर व्हेंडरची जुनी रिलीज नोट काढा आणि सीव्हीई-२०२२-०७७८ ची दुरुस्ती १५ मार्च २०२२ नंतर किती दिवसांनी आली ते मोजा. त्या नोटमध्ये ओपनएसएसएलचा उल्लेखच नसेल, तर पुढचं टूल पाहा.

सर्व्हरच्या बोर्डवरच्या मॅनेजमेंट चिपमध्ये निवडीचा प्रश्नच येत नाही, तिथे फर्मवेअरमध्ये येईल तेच. ती चिप वेगळ्या नेटवर्कवर ठेवा आणि स्कॅनर सोडतानाही जपून. एचपीच्या आयएलओ २ या अशाच चिपमध्ये हार्टब्लीडचं भोक नव्हतं, तरी ते तपासणाऱ्या स्कॅननेच ती गोठायची आणि पुन्हा जागी करायला सर्व्हरची वीज प्रत्यक्ष जाऊन काढावी लागायची.