६४ जीबीवरून ४० जीबीवर: मेनफ्रेमवरच्या ओरॅकलसोबत आठ महिने

आमचा ओरॅकल १९सी डेटाबेस आयबीएम झेड या मेनफ्रेमवर चालतो. म्हणजे खाली झेड/व्हीएम (एकाच मशीनची मेमरी अनेक आभासी मशीनना वाटून देणारा), त्यावर लिनक्स गेस्ट, म्हणजे असंच एक आभासी मशीन, आणि त्यात डेटाबेस. एक्स८६वर, म्हणजे साध्या सर्व्हरवर, बरीच वर्षं काढून मी इथे आलो आणि सवयीने गेस्टसाठी ६४ जीबी मेमरी मागून घेतली. असू दे जास्तीची, म्हटलं.

तिथेच घोळ झाला. मोकळी मेमरी दिसली की लिनक्स ती फाइल कॅशने, म्हणजे डिस्कवरून वाचलेल्या फाइलींच्या प्रतींनी, भरतो. स्वतंत्र सर्व्हरवर त्याने काही बिघडत नाही. इथे झेड/व्हीएमच्या लेखी ती सगळी पानं (मेमरीचे तुकडे) वापरातलीच. शेजारचे गेस्टही असेच फुगलेले, त्यामुळे मेमरी कमी पडली की झेड/व्हीएम कुणाची ना कुणाची पानं डिस्कवर टाकतो. ती एसजीएची (ओरॅकलच्या सगळ्या प्रोसेसच्या सामायिक मेमरीची) निघाली की क्वेरी अडकते, आणि लिनक्समध्ये बघावं तर स्वॅप शून्य! तीन दिवस मी ओरॅकलचे एडब्ल्यूआर (कामगिरीचे) रिपोर्ट चाळत होतो. शेवटी झेड/व्हीएम सांभाळणारे आमचे सर म्हणाले, "अरे, लिनक्सला काय विचारतोस? खालच्याला विचार." व्हीएमसीपीमधून (लिनक्समधून झेड/व्हीएमला कमांड देण्याची सोय) इंडिकेट लोड ही कमांड चालवली, तर पेजिंगचा, म्हणजे पानं डिस्कवर नेण्या-आणण्याचा, आकडा समोरच होता.

दुसरी गळती पेज टेबलची, म्हणजे कोणतं पान कुठे आहे याच्या नोंदींची. एसजीए २४ जीबी, पानं ४ केबीची. पूर्ण एसजीएला हात लावणाऱ्या एका प्रोसेसचं पेज टेबल ४८ एमबीपर्यंत जातं. २०० कनेक्शन धरा, साडेनऊ जीबीच्या आसपास नुसत्या नोंदींत गेले. उपाय ह्यूजपेजेसचा: पानं मोठी, म्हणून नोंदी कमी. झेडवर ह्यूजपेज १ एमबीचं असतं, त्यामुळे हिशोब सोपा: २४,५७६ पानं आणि वर थोडी. ओरॅकलच्या मेमरी टार्गेट या सेटिंगचं ह्यूजपेजेसशी जमत नाही, म्हणून ते काढून एसजीए टार्गेट आणि पीजीए (प्रत्येक प्रोसेसची स्वतःची मेमरी) ॲग्रिगेट टार्गेट वेगवेगळे दिले. फाइलसिस्टमआयओ ऑप्शन्स हे सेटिंग सेटऑल केल्यावर ओरॅकल डिस्कशी थेट बोलतो, त्यामुळे डेटाफाइल्ससाठी फाइल कॅशचीही गरज उरली नाही. मग गेस्ट ४० जीबीवर आणला. मॅनेजरना "मेमरी कमी करतोय" हे पटवायला मात्र दोन मीटिंगा गेल्या.

ह्यूजपेजेस लिनक्स स्वॅप करत नाही, पण झेड/व्हीएम ती खालून काढू शकतो. म्हणून सरांनी आमच्या गेस्टला सेट रिझर्व्ह्ड (ठरावीक पानं मेमरीतच राखण्याची झेड/व्हीएमची कमांड) लावून दिलं. स्वॅपसाठी लहानसा व्हीडिस्क (मेमरीतलीच आभासी डिस्क) ठेवलाय. वापरेपर्यंत तो जागा खात नाही.

एकदा हात पोळले. यूज लार्ज पेजेस हे सेटिंग 'ओन्ली' (ह्यूजपेजेस मिळाली तरच चालू हो) ठेवलं होतं, एसजीए २ जीबीने वाढवला आणि ह्यूजपेजेस वाढवायला विसरलो. रात्री अडीचला रीस्टार्ट केला तर मेमरी पुरत नाही म्हणून डेटाबेस उठेचना. बाजूला मेमरी मोकळी पडलेली! तरीही 'ओन्ली' काढलेलं नाही. अर्धा एसजीए गुपचूप ४ केबीच्या पानांवर चढण्यापेक्षा डेटाबेस तोंडावर नाही म्हणालेला मला परवडतो.

आता दिवसा इंडिकेट लोडमध्ये पेजिंग बहुतेक शून्य दिसतं. महिनाअखेरच्या बॅचला मोठे सॉर्ट पीजीएत न मावून अजून टेम्पमध्ये, म्हणजे डिस्कवर, सांडतात. ओरॅकलचा पीजीए ॲडव्हाइस सध्याच्या ४ऐवजी ६ जीबी सुचवतोय. ते वरचे दोन जीबी सरांकडे मागायचे आहेत, आणि या वेळी आकडे घेऊन जाणार आहे.