टेली मानस १४४१६ : आई गेल्यानंतर फोन लावला, त्याचा रिव्ह्यू

आधी एका अ‍ॅपवर पैसे भरून काउन्सेलिंग घेतलं होतं, नाव घेत नाही, पण तिथे दर वेळी नवीन माणूस आणि दर वेळी आई कशी गेली ते पहिल्यापासून सांगायचं, वैताग आला. मग मावसबहिणीने हा नंबर दिला. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, २४ तास चालू आणि फुकट. म्हटलं सरकारी आहे, काय कळणार यांना. पण मराठीत बोलणारी ताई भेटली आणि तिने "वेळ हेच औषध" वगैरे काही ऐकवलं नाही, सरळ विचारलं, जेवताय का, झोप लागते का, जीव द्यावासा वाटतो का. मी म्हटलं आईच्या गोळ्यांचा डबा अजून फ्रीजवर आहे, मंगळवारच्या कप्प्यात बीपीची गोळी तशीच आहे आणि मला तो हलवता येत नाही, तर म्हणाली राहू द्या की, घाई कुणाला आहे.

दुःख ६ महिन्यांच्या पुढेही तेवढंच तीव्र राहिलं, रोजची कामं होईनाशी झाली तर डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत त्याला वेगळं स्थान आहे, त्यामुळे "अजून किती रडणार" म्हणणाऱ्या नातेवाईकांकडे खुशाल दुर्लक्ष करा. अर्थात फोन म्हणजे ट्रीटमेंट नाही, मला त्यांनीच सायकिअ‍ॅट्रिस्टला दाखवायला सांगितलं, आता गोळ्या चालू आहेत. ४ स्टार.

बाबा मात्र फोन करायला तयार नाहीत, म्हणे मला काय धाड भरलीये.