घडीची जाळी आणि गच्चीवरचा पाईप : नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात माझ्या धाकटीला डेंग्यू झाला. आमच्या लहानपणी त्रिपुरीला पंचगंगेच्या घाटावर पहाटे दिवे लावायला जायचं तर आई स्वेटर घातल्याशिवाय सोडायची नाही. गेल्या वर्षी त्याच दिवसांत पंखा चालू होता आणि पोरगी सलाइनवर. प्लेटलेट्सचा आकडा रोज सकाळी ऐकायला लागायचा, ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. ती घरी आल्यावर डिसेंबरात मी खिडक्यांना डासांची जाळी बसवून देणाऱ्या या दुकानात गेले.

जाऊबाई म्हणाल्या, आता थंडीत कशाला जाळी? पण थंडी आहेच कुठं?

दुकानदारांनी जाळीचे नमुने नंतर काढले. आधी विचारलं, "वहिनी, पाणी किती दिवस साठवून ठेवताय?" दुसऱ्या दिवशी मंगळवार पेठेत घरी आले, खिडक्या मोजल्या आणि न सांगता गच्चीवर गेले. टाकीचा ओव्हरफ्लोचा पाईप उघडा, संडासाच्या टाकीचा व्हेंट पाईपही उघडा. दोन्हीला जाळी बांधून दिली, पैसे घेतले नाहीत. न्हाणीतल्या पिंपाच्या आत हात फिरवून म्हणाले, नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून ब्रशनं खसाखसा घासा. डेंग्यूच्या डासाची मादी पाण्याच्या रेघेच्या वर, कडेला अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी पडून महिनोन्महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. इतकी वर्षं मी पिंप धुवत होते, घासत नव्हते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

आता जाळीबद्दल. हॉलच्या दोन्ही खिडक्यांना घडीची, म्हणजे प्लीटेड जाळी बसवली. एका बोटानं सरकते, धूळ ओल्या फडक्यानं निघते. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. धाकटी शाळेतून येऊन खिडकीतच अभ्यासाला बसते, त्यामुळं रात्रीची मच्छरदाणी आमच्या काय कामाची? एप्रिलच्या दुपारी वारा थोडा कमी येतो, हे खरं आहे. तरी मी जाळी उघडत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं पुणे शहरातल्या डेंग्यूच्या मृत्यूंचा अभ्यास केलाय, तो मी दवाखान्यात बसूनच वाचला होता. पावसाळ्यात २७ अंशांच्या वरचं तापमान, बेताचा पण सारखा पसरलेला पाऊस आणि ६० ते ७८ टक्के आर्द्रता असली की डेंग्यू वाढतो. आठवड्यात १५० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर उलट अंडी-अळ्या वाहून जातात. उकाडा वाढला की अळीचा डास लवकर होतो आणि डासाच्या पोटातला विषाणूही लवकर तयार होतो. जुलैत पावसानं आठवडाभर दडी मारली, नुसता उकाडा होता, तेव्हा मी रोज कुंड्यांखालच्या ताटल्या उपडी करत होते.

तक्रार एकच. बाथरूमच्या झरोक्याला पैसे वाचवायला वेल्क्रोची जाळी घेतली, ती जूनच्या दमट हवेत एका कडेनं सुटली. तीन फोन केले तेव्हा माणूस आला, मधले बारा दिवस मी झरोक्याला जुनी ओढणी ठोकून ठेवली होती. पावसाळ्यात यांनी एवढा उशीर करायला नको होता. आता तिथं ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलची जाळी आहे, ती घट्ट बसली आहे.

पाचापैकी चार तारे. ओलीच्या जागी वेल्क्रो घेऊ नका. आणि मोजमापाला माणूस आला की त्याला आधी गच्चीवर न्या.